मशिदीतल्या खुर्च्या आणि घरातला पलंग

गेल्या रमजानमध्ये एका रात्री माझा मुलगा तरावीह पढून घरी आला आणि म्हणाला, "अम्मी, आज मशिदीत खुर्च्या कमी पडल्या." मला वाटलं, कसला तरी जलसा असेल. तो म्हणाला, "जलसा नाही, नमाजला. दोन चाचा खुर्ची मिळेपर्यंत मागे उभेच होते."

मी लहानपणी इंदापूरला अरबी शिकायला मशिदीत जायचे. तिथे एकच लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसल्याचं मला आठवत नाही. तिच्यावर जुने कायदे आणि सिपारे ठेवलेले असायचे. म्हातारी माणसं तेव्हाही होती. पांढऱ्या दाढ्या होत्या, काठ्या होत्या, दमेकरी होते. पण काठी भिंतीला टेकवून ते सफमध्ये उभे राहायचे, सज्द्यात जायचे आणि एक हात जमिनीला लावून उठायचे. आज बारामतीत, इंदापुरात, कुठल्याही मशिदीत बघा. सफेच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या नाहीतर स्टीलच्या खुर्च्या लागलेल्या असतात. त्यांच्यावर बसणारे सगळेच सत्तरीचे नसतात. काहीजण माझ्या वयाचे आहेत, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपासचे.

कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून आधीच सांगते. ज्याला उभं राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल तर पडून पढावी, ही सवलत दीननेच दिली आहे. खुर्चीवर बसणाऱ्याच्या ईमानाबद्दल बोलण्याचा मला काही हक्क नाही. त्याच्या गुडघ्यात काय दुखतं ते त्यालाच ठाऊक. माझा प्रश्न खुर्चीच्या आधीचा आहे. इतक्या लवकर ती लागायला का लागली?

मी डॉक्टर नाही. बीएड केलेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पण ब्राझीलमधल्या एका तपासणीबद्दल वाचलं तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. क्लॉडियो आरौजो या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांना एकच गोष्ट करायला सांगितली. शक्यतो हात, गुडघा, कशाचाही आधार न घेता जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला की एक गुण गेला, गुडघा टेकला की आणखी एक, तोल गेला की अर्धा. मग पुढची काही वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं. ज्यांना दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त गुण होते त्यांच्यापेक्षा तीन किंवा त्याहून कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कित्येक पट जास्त निघालं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. याच मंडळींनी २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास दिला. ५१ ते ७५ वयाच्या ज्या लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही, त्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला.

उठबस केली म्हणून आयुष्य वाढतं, असं यातून सिद्ध होत नाही. आजारी माणसाला उठता येत नाही आणि आजारी माणूस लवकर जातो, असंही असू शकतं. पण जमिनीवरून उठण्यात पायांची ताकद, तोल, सांध्यांची लवचिकता आणि वजन या सगळ्याची एकदम परीक्षा होते, एवढं मला पटतं. (घरी करून बघायचं असेल तर शेजारी कुणीतरी धडधाकट माणूस उभा करा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी या फंदात पडू नये.)

आता आपला हिशेब करा. पाच वेळच्या नमाजच्या फर्ज रकातीच १७ होतात. म्हणजे नुसत्या फर्ज पढल्या तरी माणूस दिवसातून १७ वेळा जमिनीपर्यंत जातो आणि १७ वेळा उठतो. सुन्नत, वित्र धरले तर आकडा याच्या जवळजवळ दुप्पट. नमाज व्यायाम म्हणून पढत नाहीत, नीयत ती नसते, आणि "नमाजचे वैज्ञानिक फायदे" असले व्हॉट्सअॅपवरचे लांबलचक मेसेज मी पुढे पाठवत नाही. तरीपण शरीराला नीयत कळत नाही, त्याला हालचाल कळते. मग ज्या समाजात रोज इतकी उठबस आहे, त्याचे गुडघे इतक्या लवकर का हरतात?

माझ्या मते उत्तर मशिदीत नाही, घरात आहे. नमाज फार तर तास-सव्वा तास. उरलेल्या वेळात आपण जमिनीला शिवतच नाही. माझी दादी चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्या थापायची. लाकूड आणायला उठायची, पाणी घ्यायला उठायची, मांजर हाकलायला उठायची. जेवण दस्तरखानावर, कपडे धुणं उकिडवं बसून, झोपणं सतरंजीवर. तिच्या नातीच्या, म्हणजे माझ्या घरात ओटा आला, डायनिंग टेबल आलं, सोफा आला, पलंग आला, कमोड आला. प्रत्येक वस्तू आली तेव्हा आम्ही खूश झालो आणि व्हायलाच हवं होतं. चुलीच्या धुराने दादीचे डोळे गेले होते, ते दिवस मला परत नकोत. पण या वस्तूंनी मिळून दिवसातल्या चाळीस-पन्नास उठाबशा उचलून नेल्या, त्यांच्या जागी आम्ही काहीच ठेवलं नाही. मग शरीराला जमिनीची ओळख राहते ती फक्त सज्द्यात. पन्नाशीत गुडघा म्हणतो, आता तेही नको.

इथे मला अब्बांबद्दल लिहायला हवं. बरेच दिवस टाळत होते.

आम्ही मणियार. अब्बा सायकलच्या मागे बांगड्यांची पेटी बांधून निमगाव केतकी, कळस, लासुर्णे, बावडा अशी गावं करायचे. गावात गेले की कुणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून बसायचे, बायका भोवती जमायच्या. एकेकीचा हात हातात घेऊन बांगडी न फोडता चढवायची, ही त्यांची कला. एका ठिकाणचं झालं की पेटी उचलायची आणि पुढच्या वाड्यात जायचं. दिवसातून वीस ठिकाणी बसणं आणि वीस वेळा उठणं. शिवाय बोलणं. कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरात भांडण आहे, इंदापूर तालुक्याची निम्मी बातमी आमच्या घरी बांगड्यांच्या पेटीतून यायची.

मी शिक्षिका झाले, भाऊ पुण्याला कंपनीत लागला. आणि आम्हा दोघांना अब्बांची सायकल डोळ्यांत खुपायला लागली. कारण आम्ही सांगायचो ते त्यांच्या तब्येतीचं. खरं कारण वेगळं होतं. मुलगी मास्तरीण, मुलगा इंजिनिअर आणि बाप दारोदार बांगड्या विकतो, हे लोकांनी बोलू नये असं आम्हाला वाटत होतं. २००९ सालच्या ईदनंतर आम्ही दोघांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "अब्बा, अब बस करो. बहुत करे. घरमेंच बैठो, आराम करो." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जो बैठ्या, वो बैठ्याच."

आम्ही हसलो. सायकल विकली. त्यांच्यासाठी पलंग घेतला, टीव्ही घेतला, अम्मीला ताकीद दिली की त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर द्यायचा. नातेवाईक म्हणायचे, औलाद असावी तर अशी. वर्षभरात त्यांचं वजन वाढलं, साखर निघाली. दुसऱ्या वर्षी मशिदीत खुर्ची लागली. मग मशिदीत जाणंच कमी झालं, कारण "एवढ्या लांब कशाला, घरीच पढा" असं आम्हीच म्हणायचो. लांब म्हणजे तीनशे पावलं. बोलणंही आटलं. ज्या माणसाकडे तालुक्याच्या बातम्या असायच्या तो दिवसभर टीव्हीवरच्या भांडणांकडे बघत राहायचा. २०१४ च्या थंडीत पहाटे वुजूला उठले, मोरीत पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा चालले नाहीत. आठ महिन्यांनी गेले. म्हातारपणी खुबा मोडला की पाचातला एक तरी माणूस वर्षभरात जातो, हे मला नंतर कळलं.

मौत अल्लाहच्या हातात आहे, ती वेळेवरच येते, हे मी मानते. पण शेवटची पाच वर्षं कशी गेली त्यात आमचा हात होता, हेही मानते.

आपल्याकडे आईबापाच्या खिदमतीला फार मोठा दर्जा आहे आणि असायलाच हवा. पण खिदमत म्हणजे काय, याची आपली कल्पना मला आता चुकीची वाटते. आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतो आणि त्याला इज्जत म्हणतो. "तुम्ही बसा" हा आपला सगळ्यात आवडता आदराचा शब्द. सून चांगली कोण, तर सासूला उठू न देणारी. मुलगा चांगला कोण, तर बापाला दुकानावर येऊ न देणारा. माणूस साठीचा झाला की त्याच्याकडून किल्ल्या जातात, बाजारहाट जाते, हिशेब जातो, आणि मग आपणच म्हणतो की अब्बा आता विसरायला लागले. विसरणार नाहीत तर काय करतील, लक्षात ठेवण्यासारखं आपण त्यांच्याकडे काही ठेवलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत तर ६५ च्या वरच्या माणसांनी चालण्याशिवाय ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत असं म्हटलं आहे. आपण नेमक्या त्याच वयात त्यांना पलंग देतो.

बायकांचं प्रकरण याहून अवघड आहे. पुरुष निदान पाच वेळा घराबाहेर पडतो. मशिदीपर्यंत जातो, चपला काढायला वाकतो, चार लोकांना सलाम करतो, कोण दिसलं नाही त्याची चौकशी करतो. चालणं आणि माणसं, दोन्ही एकाच फेरीत. आमच्या आयांना, खालांना हे मिळत नाही. २०१९ साली पुण्याच्याच एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, आणि २०२० मध्ये पर्सनल लॉ बोर्डानेही प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्त्रियांनी मशिदीत नमाज पढायला धर्माची मनाई नाही. मनाई नाही, पण जागाही नाही. निदान माझ्या ओळखीच्या मोहल्ल्यांत नाही. पन्नाशीची बाई घरातल्या घरात राबते, म्हणून तिचा व्यायाम होतो असं सगळे धरून चालतात. ओट्यापुढे चार तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. त्यात पाय सुजतात, कंबर धरते, दम काही वाढत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघीजणींनी फजरनंतर कालव्याच्या कडेने चालायला सुरुवात केली. नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. १८७६ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढलेला. त्याच्या काठाने सकाळी पुरुष चालतात, साड्या नेसलेल्या आणि पायात बूट घातलेल्या बायका चालतात. बुरख्यातल्या चौघी निघाल्या की मात्र लोक वळून बघायचे. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते आमच्याच गल्लीतल्या एका बुजुर्ग माणसाने माझ्या नवऱ्याला थांबवून विचारलं त्याचं, "टीचर सुबह-सुबह किधर जाते?" नवरा म्हणाला, "शुगर कमी करायला." तो माणूस गप्प झाला. पुढच्या आठवड्यात त्याची सून आमच्यात आली. आता आम्ही अकराजणी आहोत. रोज अकराच्या अकरा येत नाहीत, पण पाच-सहा तरी असतात.

किती चालायचं, यावर आमच्यात वाद असतो. फोनमध्ये दहा हजार पावलांचा आकडा असतो, तो न झाल्यास एकीला रात्री झोप येत नाही. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं, तिथून तो जगभर पसरला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा साठीच्या वरच्या लोकांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढताना दिसला, त्यापुढे फारसा नाही. आणि जो दोन हजारांवर आहे त्याने चार हजार केली तरी फरक पडतो. आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या खाला पहिल्या महिन्यात दोन विजेच्या खांबांपर्यंत यायच्या आणि बसायच्या. आता पुलापर्यंत येतात. त्यांना आकडे सांगू नयेत, असं आमचं ठरलं आहे.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीत येते, पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत इंदापूरला जाते. आमच्या भागातली मुस्लिम पोरं रस्त्यावर पाणी, केळी, चहा घेऊन उभी असतात, आम्ही शिक्षिकाही जातो. दर वर्षी मी म्हाताऱ्या बायका बघत राहते. डोक्यावर तुळस, पायात झिजलेली चप्पल, वय सत्तरीच्या पुढे. देहूपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. केळं हातात दिलं की रस्त्याच्या कडेला सरळ जमिनीवर बसतात, खातात आणि कशाचाही आधार न घेता उठून दिंडी गाठतात. ज्यांना चालता येतं त्याच वारीला येतात, ज्यांना येत नाही त्या घरी राहिलेल्या असतात, हे मला समजतं. पण एका आजींना मी विचारलं, "थकवा येत नाही का?" त्या म्हणाल्या, "घरी थकते बाई, इथं कुठं?" मला अब्बांची सायकल आठवली.

खाण्याबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण त्यावर सगळेच लिहितात. पण बारामती-इंदापूरच्या माणसाने साखरेबद्दल बोलल्याशिवाय राहू नये. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, आमचा सगळा मुलूख उसावर उभा आहे. कारखान्याच्या सभासदाला सवलतीत साखर मिळते, ती शेजारी, नातेवाईक, कामगार अशी सगळ्यांच्या घरात पोहोचते. साखरेचं पोतं घरात असणं ही इथे श्रीमंतीची खूण. पाहुण्याला फिका चहा दिला तर तो बिचारा समजतो, आपलं येणं आवडलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. माझं नाव त्या उंबरठ्यावरच्यांत आहे. तालुक्याच्या जिरायती भागात अजून ज्वारीची, बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा खाल्ला जातो. बागायती भागात पैसा आला आणि भाकरी गेली. आणि आम्हा मुसलमानांत तर दावतीच्या दस्तरखानावर भाकरी ठेवणं कमीपणाचं. रमजानचं म्हणाल तर बारा-तेरा तास उपाशी राहून इफ्तारला भजी, समोसे, रंगीत सरबत असं खातो की महिनाअखेर वजन वाढलेलं असतं. ही तक्रार रोजाची नाही, आपल्या कढईची आहे. कढई माझ्याही घरात आहे.

तंबाखूबद्दल मात्र तडजोड नको. पुरुषांच्या गुटख्यावर, माव्यावर सगळे बोलतात. बायकांच्या मिश्रीवर कुणी बोलत नाही, कारण ती सकाळी दात घासायच्या निमित्ताने लावली जाते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड हिरड्यांना लावायची आणि तासभर तशीच बसून राहायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या साठीच्या पुढच्या कितीतरी बायकांना ती लागते आणि त्या तिला व्यसन म्हणायला तयार नाहीत. शरद पवारांचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण २००४ साली त्यांच्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीची ही किंमत आहे असं ते स्वतः जाहीरपणे सांगत आले. ही गोष्ट बारामतीच्या प्रत्येक घराला माहीत आहे. तरी पानटपऱ्या तितक्याच आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही. आशाताई घरी येऊन सांगतात. "मला काय झालंय" म्हणून आपल्या बायका जात नाहीत. मीसुद्धा ४१ व्या वर्षापर्यंत गेले नव्हते.

शंभर वर्षं जगण्याचं रहस्य सांगणारी पुस्तकं आणि व्हिडिओ आता खूप झाले आहेत. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या म्हाताऱ्यांचं नाव त्यात हमखास येतं. ते जमिनीवर बसतात, भाजीची बाग करतात, मित्रांचा गट जन्मभर टिकवतात. मला ते वाचायला आवडतं, पण शिक्षिका असल्यामुळे एक शंका येते. आमच्या शाळेची जुनी रजिस्टरं काढली तर निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून. पोराला घेऊन बाप यायचा, तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून लिहायचे आणि वयही अंदाजाने. अब्बांच्या आधार कार्डावरही १ जूनच होती. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की शंभरीच्या लोकांसाठी गाजलेल्या बऱ्याच भागांत अशाच नोंदींचा घोळ आहे. त्याला २०२४ मध्ये विनोदी संशोधनाचं इग नोबेलही मिळालं. त्यामुळे दूरच्या बेटापेक्षा मला आपले धोंडो केशव कर्वे जवळचे वाटतात, त्यांच्या वयाची तरी खात्री आहे. १८५८ चा जन्म, १९६२ ला गेले, १०४ वर्षं. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जायचे. आणि ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला त्यांनी नवी संस्था सुरू केली. त्यांच्या घरच्यांनी त्यांना "तुम्ही बसा" म्हटलं नसावं, किंवा म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नसावं.

अब्बांच्या बाबतीत जे केलं ते अम्मीच्या बाबतीत करायचं नाही, असं मी त्यांच्या चाळिसाव्यालाच ठरवलं होतं. अम्मी माझ्याकडे बारामतीला राहते. कागदावर ७६ वर्षांची आहे. सकाळी कोथिंबीर, मेथी, शेवग्याची भाजी निवडणं तिच्याकडे आणि ते जमिनीवर चटई टाकूनच. टेबलावर निवडायची नाही, हा माझा जुलूम. दूध आणायला ती जाते, पैशाचा हिशेब ती ठेवते, आणि मी दहा रुपये इकडेतिकडे केले की पकडते. मोरीत आधाराला दांडी बसवली, खरखरीत फरशी घातली. अब्बांच्या वेळी एवढी अक्कल नव्हती. तिचे कान कमी ऐकायला लागले तेव्हा दोन वर्षं आम्ही फक्त मोठ्याने बोलत राहिलो. मग वाचलं की ऐकू न येणं आणि दिसायला कमी येणं, दोन्ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत मोजतात, २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या यादीत ती आहेत. कानाचं यंत्र घेतलं. पहिले पंधरा दिवस ती ते डब्यात ठेवायची. एके दिवशी घातलं आणि म्हणाली, "तुम लोगां इतना झगडते क्या घर में?"

लोक बोलतातच. मागच्या बकरी ईदला एक खाला आल्या, अम्मीला मटणाचा मसाला वाटताना पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेटी पगार लेती, मां मसाला पीसती." मला लागलं. रात्री झोप आली नाही. मीही चुकत असेन का, हा प्रश्न येतोच. तिला थकवा आला तर ती मला सांगेल की माझ्या भीतीने करत राहील? म्हणून आता मी रोज विचारते आणि नाही म्हणाली की त्या दिवशी सोडते. हे दरवेळी बरोबर जमतं असं नाही.

गेल्या महिन्यात भाऊ पुण्याहून आला तो अम्मीसाठी एक मोठी, मागे कलणारी, पाय वर घेणारी खुर्ची घेऊन. महाग आहे, प्रेमाने आणली आहे, मी काही बोलले नाही. अम्मीने तिच्यावर एकदा बसून बघितलं, बटण दाबून पाय वर केले, खाली केले, "अच्छी है" म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्चीवर धुतलेल्या गोधड्यांच्या घड्या होत्या, आणि अम्मी खाली चटईवर बसून शेजारच्या मुलीला सिपारा वाचायला शिकवत होती.